व्हिनेगर आणि इव्हॅपोरेटेड मिल्क: वापर, पर्याय आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न

व्हिनेगर संपलंय, लिंबू पिळलं तर चालेल का? इव्हॅपोरेटेड मिल्कच्या (साखर न घालता आटवलेल्या डबाबंद दुधाच्या) जागी कंडेन्स्ड मिल्क घातलं तर काय बिघडेल? बाकीचे बहुतेक प्रश्न या दोहोंभोवतीच फिरतात. पहिल्याचं उत्तर ‘बऱ्याचदा हो’ आणि दुसऱ्याचं ‘बरंच बिघडेल’. अशी उत्तरं शोधताना आधी बघायचं की त्या कृतीत तो जिन्नस नेमकं कोणतं काम करतोय. आंबटपणा देतोय, खाण्याचा सोडा फुलवतोय, पदार्थ टिकवतोय की नुसता वास देतोय? ते कळलं की बदली जिन्नस आपोआप सुचतो.

खाली सगळीकडे १ कप म्हणजे २४० मिली, मोठा चमचा १५ मिली आणि छोटा चमचा ५ मिली धरला आहे. वेगळं सांगितलं नसेल तिथे व्हिनेगर ५ टक्क्यांचं समजा.

व्हिनेगर

व्हिनेगरमध्ये असतं तरी काय?

मुख्यतः पाणी आणि त्यात सुमारे ४ ते ८ टक्के ॲसेटिक आम्ल. साखरेचं यीस्टमुळे मद्य होतं आणि हवेच्या संपर्कात काही जिवाणू त्या मद्याचं आम्ल करतात. हे काम सजीव जंतू करतात हे लुई पाश्चरने १८६० च्या दशकात दाखवून दिलं. मूळ कच्चा माल द्राक्षं, सफरचंद, तांदूळ, जव किंवा धान्यापासूनचं मद्यार्क असा काहीही असू शकतो. आम्ल सगळ्यात एकच असतं. फरक पडतो तो त्याच्यासोबत आलेल्या वासाचा, रंगाचा आणि उरलेल्या साखरेचा.

इतक्या प्रकारच्या बाटल्या आहेत. एकाच्या जागी दुसरं घातलं तर चालतं का?

रोजच्या स्वयंपाकात चालतं, फक्त जोर आणि चव यांचा अंदाज हवा. पांढरं व्हिनेगर सगळ्यात सरळसोट: आंबट, झणझणीत, बाकी काही नाही. सफरचंदाचं थोडं फळासारखं लागतं आणि जवळजवळ कुठेही खपतं. घरात एकच बाटली ठेवायची असेल तर मी हीच ठेवेन. तांदळाचं व्हिनेगर सौम्य, किंचित गोडसर असतं. ते नसेल तर सफरचंदाचं तेवढंच घेऊन त्यात चिमूटभर साखर घाला. उलट दिशेने जाताना, म्हणजे पांढऱ्याच्या जागी तांदळाचं वापरताना, थोडं जास्त लागेल. ‘सीझन्ड’ असं लिहिलेल्या तांदळाच्या व्हिनेगरमध्ये मीठ-साखर आधीच घातलेली असते, तेव्हा कृतीतलं मीठ हात राखून घाला.

रेड वाइन आणि व्हाइट वाइन व्हिनेगर एकमेकांच्या जागी बिनदिक्कत वापरा, फक्त पांढऱ्या सॉसमध्ये लाल घातलं तर गुलाबी छटा येईल. माल्ट व्हिनेगर जवापासून होतं आणि त्याची चव ठसठशीत असते. ते तळलेल्या पदार्थांवर छान लागतं, नाजूक सॅलडवर नाही. ग्लूटेन वर्ज्य असणाऱ्यांनी ते टाळावं.

बाल्सॅमिकचं प्रकरण वेगळं. इटलीतल्या मोदेनाचं पारंपरिक बाल्सॅमिक शिजवलेल्या द्राक्षरसापासून करतात आणि लाकडी पिंपांत किमान १२ वर्षं मुरवतात. ‘एक्स्ट्राव्हेक्यो’ म्हणवून घ्यायला किमान २५ वर्षं लागतात. ते थेंबाथेंबाने वाढायचं असतं. त्याला खरा पर्याय नाही. रोजच्या वापराचं स्वस्त बाल्सॅमिक म्हणजे वाइन व्हिनेगर आणि द्राक्षरसाचं मिश्रण असतं. त्याच्याऐवजी एक मोठा चमचा रेड वाइन व्हिनेगरमध्ये अर्धा छोटा चमचा साखर किंवा मध विरघळवला की ड्रेसिंगपुरतं भागतं.

सिंथेटिक व्हिनेगर स्वयंपाकात चालतं का?

खाण्यासाठी म्हणून विकलेलं असेल तर चालतं. ते आंबवून केलेलं नसतं. खाद्य दर्जाचं ॲसेटिक आम्ल पाण्यात मिसळून तयार करतात. चव एकसुरी असते, म्हणून ड्रेसिंगमध्ये ते उघडं पडतं. सोडा फुलवायला किंवा अंडी उकडायला घातलं तर कोणाला कळणारही नाही.

इथे एक गोष्ट मात्र जपा. साफसफाईसाठीचं व्हिनेगर अनेकदा जास्त तीव्र असतं आणि खाण्याच्या दर्जाचं असेलच असं नाही, ते पदार्थात घालू नका. व्हिनेगर इसेन्स म्हणून मिळणारा अर्क तर कितीतरी पट तीव्र असतो. तो २५ टक्क्यांचा असेल तर एका भागाला चार भाग पाणी घातल्यावर ५ टक्क्यांचं व्हिनेगर होतं. टक्केवारी वाचल्याशिवाय असा अर्क उघडूच नये, नुसता तोंडाला लागला तरी भाजतो.

व्हिनेगर नाही. लिंबू घालू का?

बहुतेक ठिकाणी घाला, तेवढ्यास तेवढंच. लिंबाच्या रसात साधारण ५ ते ६ टक्के सायट्रिक आम्ल असतं, म्हणजे आंबटपणा जवळजवळ व्हिनेगरइतकाच. सोडा फुलवण्याची ताकदही बरोबरीचीच. ड्रेसिंग, मॅरिनेड, दूध फाडणं, केक, मेयोनेज, सगळीकडे एकास एक प्रमाण चालून जातं.

फरक वासाचा आहे. व्हिनेगरचं आम्ल हवेत उडतं, म्हणून ते आधी नाकाला झोंबतं. सायट्रिक आम्ल उडत नाही. लिंबाचा जो ताजा वास येतो तो त्यातल्या तेलांचा, आणि तो आचेवर टिकत नाही. म्हणून बराच वेळ शिजणाऱ्या सॉसमध्ये व्हिनेगर सुरुवातीला घालायला सांगितलं असेल आणि तुम्ही लिंबू वापरत असाल, तर अर्धा रस आधी आणि अर्धा गॅस बंद केल्यावर घाला. सगळा आधीच घातला तर आंबटपणा राहतो, पण लिंबू कुठे दिसत नाही.

ज्या पदार्थाची ओळखच व्हिनेगरचा झणका आहे, उदाहरणार्थ झटपट मुरवलेला कांदा किंवा तिखट मिरचीचा सॉस, तिथे लिंबू घातलं तर पदार्थ चांगला होतो, पण वेगळा होतो.

लिंबूही नाही. मग?

सायट्रिक आम्लाची पूड असेल तर पाव छोटा चमचा पूड एक मोठा चमचा पाण्यात विरघळवा. ते एक मोठा चमचा व्हिनेगरच्या आंबटपणाला पुरतं. त्याला वास अजिबात नसतो. सॉस किंवा रस्सा असेल तर चिंचेचा कोळ चालतो, पण तो रंग आणि दाटपणाही आणतो. पांढरी वाइन घालता येते, फक्त तिचा आंबटपणा फार कमी असतो, तेव्हा जास्त घालून आटवावी लागते. लोणच्याच्या बरणीत उरलेलं आंबट पाणी ड्रेसिंगमध्ये वापरणं ही माझी आवडती सोय आहे. त्यात मीठ असतं एवढं मात्र विसरू नका.

लोणची आणि बंद बरण्यांच्या कृतींतही असा बदल करता येतो का?

इथे हात आवरा. फ्रिजमध्ये ठेवून थोड्या दिवसांत संपवायच्या लोणच्यात हवं ते करा. पण बाहेर महिनोन् महिने ठेवायच्या हवाबंद बरण्यांत व्हिनेगर चवीसाठी नसून सुरक्षिततेसाठी असतं. बॉट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचं विष तयार करणारा जिवाणू हवा नसलेल्या जागी वाढतो. पीएच (आम्लतेचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट) ४.६ किंवा त्याहून कमी असेल तर तो वाढू शकत नाही. म्हणून अशा कृती ५ टक्के व्हिनेगर धरून तपासलेल्या असतात.

यावरून तीन गोष्टी ठरतात. ४ टक्क्यांचं व्हिनेगर ५ टक्क्यांच्या जागी घालायचं नाही. घरी केलेलं व्हिनेगर घालायचं नाही, कारण त्याचा जोर किती ते माहीत नसतं. आणि फार आंबट वाटतं म्हणून व्हिनेगर कमी करून पाणी वाढवायचं नाही. त्याऐवजी साखर वाढवा. टोमॅटो-मिरचीच्या बरण्यांच्या कृतीत व्हिनेगरच्या जागी बाटलीबंद लिंबूरस तेवढाच घातला तर चालतो, कारण तो अधिक आम्लधर्मी असतो. लिंबूरसाच्या जागी व्हिनेगर मात्र चालत नाही.

केकमध्ये व्हिनेगर कशासाठी घालतात? चव लागत नाही का?

सोड्याशी त्याची गाठ पडली की कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि त्याचे बुडबुडे पीठ वर उचलतात. अंड्याविना केलेल्या केकमध्ये हीच युक्ती असते. हिशोब जमला तर आम्ल सगळं सोड्यात खर्च होतं आणि चव उरत नाही. एक मोठा चमचा व्हिनेगर साधारण पाव छोटा चमचा सोडा शमवतं. कृतीत सोडा त्याहून बराच जास्त असेल आणि दही, कोको, ब्राऊन शुगर असा दुसरा आंबट घटक नसेल, तर उरलेला सोडा साबणासारखा लागतो. व्हिनेगर जास्त झालं तर केक किंचित आंबट होतो, त्यातल्या त्यात तो बिघाड सोसण्यासारखा.

मिश्रणात व्हिनेगर शेवटी घाला आणि लगेच तापलेल्या ओव्हनमध्ये ठेवा. बुडबुडे तुमच्यासाठी थांबत नाहीत.

कृतीत बटरमिल्क लिहिलंय. दूध आणि व्हिनेगरने भागेल?

बेकिंगमध्ये हो. कपात एक मोठा चमचा व्हिनेगर घ्या, वर दूध ओतून कप भरा, ढवळा आणि पाच-दहा मिनिटं ठेवा. बारीक कण दिसू लागतील. ते तसंच हवं. दाटपणा मात्र खऱ्या बटरमिल्कइतका येत नाही, म्हणून पॅनकेकचं पीठ सैल वाटलं तर चमचाभर दूध आधीच कमी घ्या. दाटपणा हवाच असेल तर पाऊण कप दही आणि पाव कप पाणी फेटून घेणं माझ्या मते सरस. सॅलडच्या ड्रेसिंगमध्ये तर दहीच वापरा, व्हिनेगरने फाडलेलं दूध तिथे कच्चं लागतं.

व्हिनेगर आधी घालायचं की शेवटी?

याकडे फारसं कोणी लक्ष देत नाही आणि मग राजमा तास उलटला तरी शिजत नाही. भाज्या आणि कडधान्यांच्या पेशी एकमेकींना धरून ठेवणारे घटक आम्लात सहज सुटत नाहीत. त्यामुळे व्हिनेगर, टोमॅटो, लिंबू यांतलं काहीही घालायचं ते कडधान्य मऊ झाल्यावर. याचाच उलटा फायदाही घेता येतो. सॅलडसाठी बटाट्याच्या फोडी उकडताना पाण्यात चमचाभर व्हिनेगर घातलं तर फोडींच्या कडा मोडत नाहीत.

रंगाचंही भान ठेवा. हिरव्या भाजीतल्या हरितद्रव्यात मॅग्नेशियमचा अणू असतो. आम्ल त्याला हुसकून लावतं आणि भाजी मळकट हिरवी दिसू लागते. तेव्हा फरसबीवर ड्रेसिंग वाढण्याच्या क्षणी ओता. लाल कोबीचं नेमकं उलट. साध्या पाण्यात शिजवला तर तो निळसर होऊ लागतो, व्हिनेगरचा शिडकावा झाला की पुन्हा लालबुंद.

एक गैरसमजही जाता जाता. व्हिनेगर उकळलं की सगळं आम्ल उडून जातं असं म्हणतात. ॲसेटिक आम्ल ११८ अंश सेल्सियसला उकळतं, पाणी १०० ला. सॉस आटवताना पाणी आम्लापेक्षा जास्त वेगाने जातं. भांड्यातलं एकूण आम्ल कमी होतं खरं, पण जो रस उरतो तो अधिक आंबट असतो. म्हणून आटवायच्या सॉसमध्ये सुरुवातीला बेताचंच घाला.

व्हिनेगर जास्त पडलं. आता?

आधी पदार्थाचं प्रमाण वाढवता येतं का बघा, तो सगळ्यात खात्रीचा उपाय. नाहीतर थोडी साखर आणि थोडं लोणी, तेल किंवा क्रीम. यातलं काहीच आम्ल कमी करत नाही, जिभेला ते कमी जाणवतं इतकंच. चिमूटभर खाण्याचा सोडा आम्ल खरोखर शमवतो, पण त्यातून तयार होणारं क्षार खारट-सपक लागतं. म्हणून अगदी चिमूट, तीही शेवटचा उपाय म्हणून. मीठ वाढवून आंबटपणा झाकायला जाऊ नका.

मांस किंवा मासे व्हिनेगरमध्ये किती वेळ मुरवावेत?

मासे अर्ध्या तासाच्या आत, कोंबडीचे तुकडे दोन तासांपर्यंत. आम्ल आत फारसं शिरत नाही, वरचा थर तेवढा बदलतं, आणि जास्त वेळ ठेवलं तर तो थर पिठूळ होतो. जास्त वेळ मुरवायचंच असेल तर दही घ्या, त्याचा आंबटपणा मवाळ असतो.

अंडी उकडताना पाण्यात व्हिनेगर का घालतात?

पांढरं लवकर गोठावं म्हणून. पोच करताना, म्हणजे अंडं फोडून थेट गरम पाण्यात शिजवताना, लिटरभर पाण्याला एक मोठा चमचा पुरे. कवचासकट उकडताना एखादं तडकलं तर पांढऱ्याचे धागे लांब पसरत नाहीत. सोलणं मात्र यामुळे सोपं होतं असं काही मला दिसलेलं नाही.

कोणतं भांडं टाळावं?

ॲल्युमिनियम, कल्हई नसलेलं तांबं-पितळ आणि लोखंडी कढई. धातू आम्लात उतरतो, पदार्थाला धातूची चव लागते आणि रंग काळवंडतो. स्टेनलेस स्टील, काच, चिनी माती किंवा मुलामा न उडालेलं इनॅमल वापरा.

व्हिनेगरमध्ये लसूण हिरवा-निळा झाला. टाकून देऊ?

नको. लसणातले गंधकयुक्त घटक आम्लात अमिनो आम्लांशी मिळून रंगद्रव्य तयार करतात. दिसायला विचित्र, खायला निर्धोक. वर केसाळ बुरशी आली असेल तर ती वेगळी गोष्ट, तेव्हा बरणी टाका.

इव्हॅपोरेटेड मिल्क

हे नेमकं कसलं दूध?

साखर न घालता आटवलेलं आणि डब्यात बंद करून निर्जंतुक केलेलं. दुधातलं साधारण ६० टक्के पाणी काढलेलं असतं. या आकड्याने घोटाळा होतो, कारण दूध ६० टक्के आटवायचं असा त्याचा अर्थ लावला जातो. १०० ग्रॅम दुधात सुमारे साडेसत्त्याऐंशी ग्रॅम पाणी असतं. त्यातलं ६० टक्के, म्हणजे साडेबावन्न ग्रॅम गेलं की साडेसत्तेचाळीस ग्रॅम दूध उरतं. थोडक्यात, दूध निम्म्याहून जरा कमी होतं. लिटरभर दुधाचं साधारण ४५० मिली.

१८५६ मध्ये गेल बोर्डेनने अमेरिकेत दूध निर्वात भांड्यात आटवण्याचं पेटंट घेतलं. पुढे कंडेन्स्ड मिल्क टिकत होतं ते साखरेमुळे. साखरेशिवाय दूध टिकवण्याचा प्रश्न स्वित्झर्लंडच्या योहान मेयेनबर्गने सोडवला: डबा आधी बंद करायचा आणि मग डब्यासकट दाबाच्या वाफेत तापवायचा. त्याचं अमेरिकी पेटंट १८८४ चं आहे. आजही हे दूध साधारण ११५ ते १२० अंशांवर तापवतात. त्याचा फिका बदामी रंग आणि किंचित भाजल्यासारखी चव तिथूनच येते. डबा उघडल्यावर रंग पाहून दचकायचं कारण नाही.

कंडेन्स्ड मिल्क चालेल का मग?

नाही. कंडेन्स्ड मिल्कमध्ये ४० ते ४५ टक्के साखर असते. सूप, पास्त्याचा सॉस, बटाट्याचा भाजलेला प्रकार यांत ते घातलं तर पदार्थ वाया गेलाच म्हणून समजा. गोड पदार्थात कृतीतली साखर कमी करून जमवता येतं, पण दाटपणा वेगळा पडतो आणि अंदाज चुकण्याचीच शक्यता जास्त.

उलट करणं सोपं आहे. एक कप इव्हॅपोरेटेड मिल्कमध्ये एक कप साखर घालून मंद आचेवर विरघळवा आणि ढवळत थोडं आटू द्या. गार झाल्यावर ते कंडेन्स्ड मिल्कच्या जवळ जातं, जरा पातळ राहतं इतकंच.

घरी आटवून करता येईल?

येईल, आणि पर्यायांत हाच मला सगळ्यात आवडतो. एक कप हवं असेल तर सव्वादोन कप मलईदार दूध घ्या. जाड बुडाच्या पसरट भांड्यात, मंद आचेवर, साय मोडत आणि तळ खरवडत एक कप होईपर्यंत आटवा. उथळ भांड्यात पाणी लवकर जातं. शेवटच्या टप्प्यात लक्ष हलू देऊ नका, तेव्हाच दूध बुडाला लागतं. मग गाळून घ्या.

डब्यातल्या दुधाशी याचा एक फरक राहतो. कारखान्यात दूध होमोजिनाइज करतात, म्हणजे साय वर येऊ नये म्हणून त्यातली चरबी बारीक करून एकजीव करतात, आणि त्यात फॉस्फेट, कॅरागीनन असे स्थिरक अल्प प्रमाणात घालतात. त्यामुळे ते उकळत्या सॉसमध्येही फाटायला सहज तयार होत नाही. घरचं आटवलेलं दूध चवीला उजवं असेल, पण तितकं खंबीर नसतं. चीज सॉसमध्ये ते वापरताना थोडं कॉर्नफ्लोअर घाला.

दुधाची पावडर?

घाईत हाच मार्ग. ६० ते ६५ ग्रॅम फुल क्रीम पावडर १९० मिली कोमट पाण्यात थोडी थोडी घालत फेटा. एक कप होईल. पावडर पाण्यात टाका, पाणी पावडरीवर नको, नाहीतर गुठळ्या फोडत बसाल. पावडर बिनसायीची असेल तर पाण्यात किंवा तयार मिश्रणात एक मोठा चमचा वितळलेलं लोणी मिसळा. पाण्याच्या जागी दूध घेऊन त्यात निम्मी पावडर घातली तरी तेच साधतं, आणि चव अधिक गोल लागते.

क्रीम किंवा साधं दूध?

पाऊण कप दूध आणि पाव कप क्रीम मिळून एक कप इव्हॅपोरेटेड मिल्कची जागा घेतात. कॉफी, सूप, कुस्करलेला बटाटा यांत फरक कळत नाही. मात्र आंतरराष्ट्रीय मानकानुसार इव्हॅपोरेटेड मिल्कमध्ये किमान ७.५ टक्के स्निग्धांश आणि एकूण २५ टक्के घनांश असतो. क्रीम घातल्याने स्निग्धांश भरून येतो, प्रथिनं नाहीत. ज्या पदार्थाला घट्टपणा दुधातल्या प्रथिनांमुळे येतो, त्यात थोडी दूध पावडर घातलेली बरी. नुसतं साधं दूध घातलं तर कस्टर्ड पाणचट होतं. कृती पातळ सूपची असेल तर मात्र खुशाल घाला.

साध्या दुधाच्या जागी इव्हॅपोरेटेड मिल्क?

समान पाणी मिसळा, जरासं जास्तच पडलं तरी चालेल, आणि दूध म्हणून वापरा. पाव आणि केकमध्ये हे उत्तम. चहात भाजका वास जाणवतो, तो काहींना आवडतो. लॅक्टोज (दुधातली साखर) पचत नसेल तर हा पर्याय नव्हे, कारण दूध आटलं की लॅक्टोजही दाट होतं.

दूधच वर्ज्य असेल तर?

डब्यातलं दाट नारळाचं दूध दाटपणा देतं, सोबत नारळाची चवही. ती नको असेल तर ओट किंवा सोया दूध निम्मं होईपर्यंत आटवा. बदामाचं दूध आटवताना वेगळं पडू शकतं. गोडवा घातलेलं कोणतंही दूध तिखटामिठाच्या पदार्थासाठी आटवू नका, साखर दुप्पट जाणवेल.

चीज सॉसमध्ये याचं इतकं कौतुक का?

किसलेलं चीज नुसतं दुधात वितळवलं की तूप बाजूला आणि चोथा बाजूला होतो. इव्हॅपोरेटेड मिल्कमध्ये प्रथिनं दाट असतात आणि स्थिरकही असतात, ती तूप धरून ठेवतात. त्यामुळे मैदा भाजण्याची गरज उरत नाही. साधारण २२५ ग्रॅम किसलेल्या चीजला एक मोठा चमचा कॉर्नफ्लोअर चोळा, एक कप इव्हॅपोरेटेड मिल्क घालून मंद आचेवर सतत ढवळा. पाच मिनिटांत गुळगुळीत सॉस तयार. फार जुनं, कडक चीज एकटं वापरू नका, अर्धं मऊ वितळणारं घ्या.

हे फेटून क्रीमसारखं फुलतं का?

फुलतं, पण लगेच बसतं. कडांना बर्फाचे कण दिसेपर्यंत फ्रीझरमध्ये ठेवा, भांडं आणि पाती पण गार करा. फेटताना एक मोठा चमचा लिंबूरस घातला तर फेस जरा जास्त वेळ तग धरतो. लगेच वाढायचं असेल किंवा जिलेटीन घालून गोठवायचं असेल तरच या वाटेला जा. केक सजवायला क्रीमच आणा.

तान्ह्या बाळाला देता येईल?

नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत यापासून घरी बाळांसाठी दूध बनवत असत. आता ते सुचवलं जात नाही, कारण बाळाला लागणारे पोषक घटक त्यात योग्य प्रमाणात नसतात.

दोन्ही एकत्र

व्हिनेगर असलेल्या सॉसमध्ये इव्हॅपोरेटेड मिल्क घातलं तर फाटेल का?

फाटू शकतं. दुधातली केसीन प्रथिनं पीएच ४.६ च्या आसपास एकमेकांना चिकटतात, आणि दूध गरम असेल तर त्याहून कमी आम्लही पुरतं. इव्हॅपोरेटेड मिल्क साध्या दुधापेक्षा जास्त दम धरतं, पण अभेद्य नाही.

क्रम सांभाळा. आधी व्हिनेगर किंवा टोमॅटो पूर्ण शिजवून घ्या, आच अगदी कमी करा. दुधात चमचाभर कॉर्नफ्लोअर मिसळा. सॉसमधले दोन-तीन मोठे चमचे दुधात घालून ते कोमट करा आणि मग हे मिश्रण धारेने सॉसमध्ये सोडा. त्यानंतर उकळी येऊ द्यायची नाही. व्हिनेगर शेवटी चवीसाठी लागणार असेल तर गॅस बंद करून, थेंबाथेंबाने.

फाटलंच तर मिक्सरमधून फिरवा आणि चमचाभर क्रीम घाला. खरखर बरीच कमी होते. पूर्ण जाईल असं नाही, पण चवीला काही झालेलं नसतं.

इव्हॅपोरेटेड मिल्कपासून बटरमिल्कचा पर्याय होतो?

होतो. कपात एक मोठा चमचा व्हिनेगर, अर्धा कप इव्हॅपोरेटेड मिल्क आणि वर पाणी घालून कप भरा. साध्या दुधाच्या तुलनेत हे दाट होतं. पाणी न घालता केलं तर मऊ दह्यासारखा गोळा होतो, तो बेकिंगला जड पडतो.

साठवण

व्हिनेगर खराब होतं का?

जवळजवळ नाही. स्वतःच्या आम्लामुळेच ते टिकतं आणि बाटली फ्रिजबाहेर राहिली तरी हरकत नाही. तळाशी गढूळ साका किंवा चिकट पापुद्रा दिसला तर ते जिवाणूंनी विणलेलं सेल्युलोज असतं. गाळा आणि वापरा. फळांचे, लसणाचे किंवा पाल्याचे तुकडे घातलेलं व्हिनेगर मात्र फ्रिजमध्ये ठेवा.

उघडलेला दुधाचा डबा किती दिवस चालतो? गोठवता येतो?

काचेच्या किंवा प्लास्टिकच्या झाकणाच्या भांड्यात काढून फ्रिजमध्ये तीन ते पाच दिवस. डब्यातच ठेवू नका, उघड्या धातूची चव उतरते. गोठवलं तर वितळल्यावर कणीदार होतं. सूप आणि केकला चालतं, कॉफीत घालायला नाही. बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून एकेक वडी काढून वापरणं सोयीचं पडतं.

तारीख उलटलेला, पण न उघडलेला डबा?

डब्यावरची तारीख बहुधा चवीची असते. डबा कोरड्या, थंड जागी होता आणि धड दिसत असेल तर उघडून बघा. रंग गडद झाला असेल किंवा थोडं दाट झालं असेल तर हलवून वापरता येतं. पण डबा फुगलेला, गळका, शिवणीवर चेपलेला किंवा उघडताना फसफसून उसळलेला असेल तर चव बघायच्या भानगडीत पडू नका. पिशवीत गुंडाळून तसाच कचऱ्यात टाका आणि हात धुवा.